गिल भुसावळच्या मातीत आहे
कुणीतरी लिहिलंय, अजिंठ्याशी खान्देशचा संबंध जळगावहून सुटणाऱ्या एसटीपुरताच. अहो, ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि चित्रकार रॉबर्ट गिल आपल्या भुसावळला पुरलेला आहे! १८४४ मध्ये कंपनी सरकारने त्याला अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला नेमलं. पहिल्या लेण्यातलं पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र आठवा: झुकलेल्या पापण्या, बोटांत अलगद धरलेलं कमळ. विजेचा दिवा नाही, मिट्ट काळोख, आणि हा माणूस वर्षानुवर्षं ते तैलरंगात उतरवत बसला. त्यातली बहुतेक चित्रं १८६६ च्या आगीत लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये खाक झाली. साठी उलटली होती त्याची तेव्हा. वाचलं की अजून पोटात कालवतं. १८७९ मध्ये भुसावळला नेत असताना तो वाटेतच वारला. स्टेशनावर गाडी बदलणाऱ्यांनी एकदा तरी त्याच्या कबरीवर फूल ठेवून यावं.