बाळ सारखं दूध टाकतंय, आता बाटलीही नको म्हणतंय

प्रेषक: अडीच महिन्यांच्या बाळाची आई

नमस्कार मंडळी,

आमचं बाळ दर वेळी पाजल्यावर गुळणी काढतं. कधी नुसतं दूध, कधी दह्यासारखं फुटलेलं, कधी ढेकर काढून तासभर झाला तरी. दुपटी, लाळेरी, माझे कपडे, दिवसभर धुणंच चालू. अंगावर पाजते आणि दिवसातून दोनेकदा पावडरचं दूध बाटलीनं देतो. तपासणीत वजन बरोबर वाढतंय असं सांगितलं.

ते सगळं चालवून घेतलं असतं. पण हल्ली बाटली तोंडाशी नेली की मान फिरवतो, पाठीची कमान करतो आणि रडतो. म्हणून पेंगत असताना पाजायला लागलोय, तेव्हा पितो. घरात एक मत आहे की त्याचं पोट भरत नाही, आणखी पाजा. दुसरं मत आहे की ॲसिडचं औषध सुरू करा. गादीखाली उशी घालून डोकं उंच करू का? सांगा कुणीतरी.

प्रेषक: लहान मुलांच्या वॉर्डातून निवृत्त झालेली काकू

अगं, आधी दोन घास खाऊन घे आणि मग हे वाच.

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथला स्नायू या वयात पिशवीच्या सैल नाडीसारखा असतो, मध्येच सुटतो. त्यात आहार सगळा पातळ आणि बाळ दिवसभर आडवं. दूध वर येणारच. साधारण चौथ्या महिन्यात हे सगळ्यात जास्त असतं. त्या वयाची तीनातली दोन बाळं दिवसातून एकदा तरी दूध टाकतात. पुढे बसायला लागली, घट्ट खायला लागली की कमी होत जातं आणि वर्षाची होईपर्यंत दहातल्या नऊ जणांचं थांबतं. म्हणजे तुझ्याकडे अजून थोडं वाढेल, ती तयारी ठेव. दही झालेलं दिसतं ते जठरातल्या आम्लानं फुटलेलं दूध, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

किती टाकलं याचा अंदाज हवा असेल तर एक मोठा चमचा दूध, 15 मिली, मुद्दाम दुपट्यावर ओतून बघ. केवढा डाग पडतो ते पाहून थक्क होशील. डागावरून दूध मोजू नये. वजन, दिवसाला निदान सहा ओले लंगोट, आणि दूध टाकल्यावर पोराचा चेहरा, हे तीन बघायचे. टाकून पुन्हा हसत असेल तर त्रास आपल्याला आहे, त्याला नाही.

मला तुझ्या पत्रातली गुळणी खटकली नाही, बाटली नाकारणं खटकलं. बाळ मान फिरवतं तेव्हा "पुरे" किंवा "आत्ता नको" एवढंच सांगत असतं. ते न ऐकता बाटली तोंडात राहिली, पुन्हा पुन्हा घातली, की त्याला पिण्याचाच धसका बसतो. मग जागेपणी भांडण आणि पेंगताना पिणं. पेंगताना पितं यावरून मोठ्यांना वाटतं युक्ती सापडली! पण जागेपणचा धसका तसाच राहतो. म्हणून ओठ चाटणं, मूठ चोखणं, तोंडानं शोधणं अशी भुकेची लक्षणं दिसली की बाटली ओठांना लावायची, त्यानं तोंड उघडलं तर आत. मान फिरवली की बाटली खाली. तळाशी दूध उरलं तर उरू दे. "आणखी पाजा" म्हणणाऱ्यांना माझं नाव सांग. गच्च भरलेलं पोट जास्तच टाकतं.

मात्र पिण्याचं एकूण प्रमाण घटलं, लंगोट कमी ओले झाले, तर वाट बघत बसू नकोस, लगेच दाखव.

प्रेषक: जुळ्यांचा बाबा

काकूंशी सहमत. बाटलीचं थोडं. निपलचं भोक तपासा. बाटली उलटी केल्यावर धार लागली तर वेग जास्त, बाळ गिळता गिळता ठसकतं आणि हवाही गिळतं. पण फारच बारीक असेल तरी चिडून मान फिरवतं, आमच्याकडे एकीचं तेच होतं. बाळाला जवळजवळ बसतं धरून बाटली आडवी ठेवायची आणि मध्ये मध्ये थांबायचं. ढेकर शेवटी एकदाच न काढता अधूनमधून. बाटली संपायला पंधरा-वीस मिनिटं लागली तर लागू देत.

पूर्ण वरच्या दुधावर असलेल्या बाळाला साधारणपणे दर किलो वजनामागे दिवसाला 150 मिली पुरतं. 5 किलोच्या बाळाला 750 मिली, आठ वेळांत वाटलं तर एका वेळी नव्वदेक मिली. डब्यावरचा आकडा बहुतेकदा याहून मोठा वाटतो, कारण तिथे वेळा कमी धरलेल्या असतात. तुमचं मिश्र आहे, त्यामुळे हा हिशोब जसाच्या तसा लावू नका.

लंगोट पाजण्याआधी बदला. भरल्या पोटी पाय वर उचलले की सगळं बाहेर.

प्रेषक: मंडळाची एक सभासद

आमच्या लेकीला ॲसिडच्या औषधानं महिन्याभरात फरक पडला होता. गादीही एका बाजूनं उंच केली होती. इतकं घाबरण्यासारखं काय आहे त्यात?

प्रेषक: बालरोगतज्ज्ञ, यादीवरील सभासद

बाळ मी तपासलेलं नाही, त्यामुळे सर्वसाधारणच लिहितो.

बाळ वाढतं तसा फरक आपोआप पडतोच, औषध दिलं तरी आणि नाही दिलं तरी. ते औषध दूध वर येणं थांबवत नाही, वर येणाऱ्या दुधातलं आम्ल फक्त कमी करतं. उत्तर अमेरिका आणि युरोपातल्या बालपचनविकार तज्ज्ञांच्या संघटनांनी 2018 मध्ये एकत्रित मार्गदर्शक सूचना काढल्या. वजन वाढणाऱ्या, एरवी निरोगी बाळाला केवळ दूध टाकतं किंवा रडतं म्हणून हे औषध देऊ नये, असं त्यांत आहे. जठरातलं आम्ल जंतूंना अडवतं. ते कमी केलं की जुलाब आणि छातीचे संसर्ग वाढू शकतात. अन्ननलिकेला सूज असेल तर गोष्ट वेगळी, तिथे औषध लागतं. कुणाच्या घरी रॅनिटिडिन हे ॲसिडचं जुनं औषध पडलं असेल तर फेकून द्या. त्यात घातक अशुद्धी सापडल्यामुळे 2020 मध्ये बऱ्याच देशांनी ते बाजारातून काढलं.

गादीबद्दल मात्र माझं ठाम मत आहे. झोप पाठीवर, सपाट आणि कडक गादीवर, उशीशिवाय. उतारावर बाळ घसरतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासनलिका दबते. पाठीवर झोपवलं तर दूध श्वासात जाईल ही भीती सगळ्यांना वाटते. प्रत्यक्षात पाठीवर असताना श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे आलेलं दूध खालच्या बाजूलाच राहतं. पाजल्यावर वीस-तीस मिनिटं खांद्यावर उभं धरणं चांगलं. कारच्या सीटमध्ये बसवून ठेवणं त्याच्या बरोबरीचं नाही. तिथे बाळ मुडपतं, पोट दाबलं जातं आणि उलट जास्त टाकतं.

दूध घट्ट करायची पावडर मनानं घालू नये. ती पचेल का, किती घालावी, हे आपल्या डॉक्टरांबरोबर ठरवा. अंगावरच्या दुधात धान्याची पावडर टिकतही नाही, दुधातलंच विकर तिला पातळ करतं.

बाळाच्या शीमध्ये रक्त किंवा चिकट शेंब दिसत असेल, अंगावर खरखरीत चट्टे असतील, तर गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असू शकते. तेव्हा दोन ते चार आठवडे आईनं दूध व दुधाचे पदार्थ बंद करून आणि पावडर बदलून बघतात, नंतर पुन्हा सुरू करून खात्री करतात. हे डॉक्टरांच्या सल्ल्यानंच करावं, नाहीतर आई उगाच उपाशी. शेळीचं दूध हा पर्याय नाही, त्यातली प्रथिनं जवळपास तशीच असतात.

आणि हे मात्र ताबडतोब, रात्र असली तरी: हिरवी उलटी, रक्त, फुगलेलं कडक पोट, ताप, डोक्यावरची फुगलेली टाळू, मलूलपणा. दर पाजण्यानंतर लांब फेकली जाणारी उलटी आणि लगेच पुन्हा भूक, असं पहिल्या दोन महिन्यांत दिसलं तर जठराचं आतड्याकडचं दार जाड झालेलं असू शकतं. त्यावर लहानशी शस्त्रक्रिया असते आणि बाळ पूर्ण बरं होतं.

प्रेषक: अडीच महिन्यांच्या बाळाची आई

सगळ्यांचे आभार. उशीचा विचार सोडला. हिरवं, रक्त, चट्टे यातलं काहीच नाही. निपल बदललं आणि मान फिरवली की थांबायचं असं घरात ठरवलंय. सासूबाई अजून बाटलीकडे बघत बसतात, पण बोलत नाहीत. काल जागेपणी अर्धी बाटली न रडता प्यायला. आमच्या डॉक्टरांची वेळही घेतली आहे.

एक विचारायचं राहिलं, काकू. मोठी गुळणी काढली की लगेच पुन्हा पाजून भरपाई करायची का?

प्रेषक: लहान मुलांच्या वॉर्डातून निवृत्त झालेली काकू

नाही गं. भूक लागली तर तो मागेल, नाहीतर पुढच्या वेळेपर्यंत थांब. डॉक्टरांकडे जाताना वजनाचा तक्ता ने. बाटली नाकारतो तेव्हाचा व्हिडिओही घेऊन ठेव, तिथे गेल्यावर हा गुणी बाळासारखा घटाघटा पिणार.