आई परदेशी गेली की घर कोण सांभाळतं?

काहीजण म्हणतात की आई परदेशी कामाला गेली की मुलांची आबाळ होणारच, त्याला संशोधन कशाला हवं? हवंच की! फिलिपिन्समध्ये १९७४च्या कामगार कायद्यापासून सरकारच लोकांना बाहेर कामाला पाठवतंय आणि पुढे त्यात बायकांचं प्रमाण खूप वाढलं. समाजशास्त्रज्ञ रासेल पारेन्यास आधी रोम आणि लॉस एंजेलिसमधल्या फिलिपिनो घरकामगार बायकांशी बोलल्या, मग फिलिपिन्समध्ये मागे राहिलेल्या मुलांशी.

त्यात दिसलं ते असं: आई गेली म्हणून बाप पदर खोचून कामाला लागतो असं क्वचितच होतं. घर पडतं आजीच्या, मावशीच्या नाहीतर थोरल्या मुलीच्या गळ्यात. आई तिकडून फोनवर अभ्यास, आजारपण, पैशांचा हिशोब सगळं बघत असते. साबण, टूथपेस्ट, कॉर्न्ड बीफचे डबे जमवून मोठं खोकं भरून घरी धाडते. तरी मुलांना ते अपुरंच वाटतं. परदेशी गेलेल्या बापाने नुसते पैसे पाठवले तरी कर्तव्य केलं, आई मात्र एवढं करूनही टाकून गेली! मला तर यात अंतरापेक्षा आजूबाजूच्यांच्या अपेक्षाच जास्त नडताना दिसतात.

आणखी एक. रोममध्ये दुसऱ्याची मुलं सांभाळणाऱ्या कित्येकजणी त्याच पगारातून गावाकडे आपल्या मुलांसाठी बाई ठेवतात, आणि ती बाई त्यांच्याहून गरीब असते. तिच्या पोरांकडे कोण बघतं, हे फारसं कुणी विचारत नाही.