मदत हवी आहे: ओएचपी शीट सरकवून हलणारं चित्र, पण सगळ्या आकृत्या एका ठेक्यात येत नाहीत

पाटी_पेन्सिल

नमस्कार मंडळी. विज्ञान दिनाच्या प्रदर्शनासाठी सातवीच्या मुलांबरोबर हलणारं चित्र करते आहे. कागदावर सहा पोझ उभ्या पट्ट्यांत कापून एकमेकींत गुंफलेल्या असतात, त्यामुळे नुसतं बघितलं तर रेघांचा गुंता दिसतो. वरून काळ्या पट्ट्यांची पारदर्शक शीट ठेवून आडवी सरकवली की फटींतून एका वेळी एकच पोझ दिसते आणि आकृती हलायला लागते.

आमच्या चित्रात लेझीम खेळणाऱ्या सात मुली एका ओळीत आहेत. वर्गातल्याच एकीचा व्हिडिओ काढून पोझ निवडल्या आणि मुलांनी त्या काळ्या सावल्यांसारख्या रंगवल्या. गुंफणीचं काम भाच्यानं प्रोग्रॅम लिहून केलं. जाळी, म्हणजे काळ्या पट्ट्यांची शीट, डीटीपीवाल्यांकडून काढून घेतली. त्यांना माप लिहून दिलं होतं: फट ०.५ मिमी, काळी पट्टी २.५ मिमी.

अडचण अशी की पहिल्या मुलीचा लेझीम वर असतो तेव्हा दुसरी वाकलेली, तिसरी आणखी पुढच्या पोझमध्ये. एकाच मुलीचा डावा हात एका पोझमधला आणि उजवा दुसऱ्या पोझमधला, असंही दिसतं. सगळ्या जणी एकदम वाकल्या, एकदम उठल्या तरच ते लेझीम. मुलांनी यावर फार जीव लावलाय, म्हणून नीट व्हायला हवं.

शिवाय शीटवरचा काळा रंग फिका आहे, उजेडात राखाडी दिसतो. यावरही उपाय सुचवा.

चहा_बिस्कीट

प्रिंट देताना 'फिट टू पेज' राहिलं असेल. 'अ‍ॅक्च्युअल साइज' किंवा १०० टक्के करून बघा. बहुतेक वेळा हेच निघतं.

पाटी_पेन्सिल

दोन्ही १०० टक्क्यांवरच काढलेत. समोर उभं राहून बघितलं.

निवृत्त_फिजिक्स

ताई, प्रिंट बदलण्याआधी एक मोजमाप द्या. शीट हलवू नका. पहिल्या मुलीसारखी हुबेहूब पोझ त्याच क्षणी आणखी कोणाची दिसते? दिसत असेल तर दोघींमधलं अंतर स्टीलच्या पट्टीनं मोजा. अमुक इतके मिमी, असं सांगा.

पाटी_पेन्सिल

सर, पहिली आणि सहावी जुळतात. शीट कुठेही सरकवली तरी याच दोघी जुळतात. मध्यापासून मध्यापर्यंत १९० मिमी, फार तर एखादा मिमी इकडेतिकडे.

निवृत्त_फिजिक्स

उत्तम. या एका आकड्यात बरंच काही आहे.

तुमच्या जाळीत एक फट आणि एक काळी पट्टी मिळून ३ मिमी. १९० मिमीत अशा साधारण ६३ जोड्या बसतात. तेवढ्या अंतरात चित्र आणि जाळी एकमेकांपासून घसरत घसरत बरोबर एक जोडी मागेपुढे झाली, म्हणून सहाव्या मुलीपाशी पुन्हा जुळली. म्हणजे ६३ त १ इतका फरक, सुमारे १.६ टक्के. एका जोडीमागे जेमतेम ०.०४८ मिमी. एवढा फरक पट्टीनं कधीच मोजता आला नसता, पण दोन जाळ्या एकमेकींवर ठेवल्या की तो १९० मिमी लांब होऊन समोर येतो. व्हर्निअर कॅलिपर याच तत्त्वावर चालतो: ९ मिमीचे १० भाग केलेली सरकती पट्टी मिमीच्या पट्टीशेजारी ठेवायची आणि रेघ कुठे जुळते ते बघायचं. अकरावीच्या मुलांना कॅलिपर शिकवताना असं चित्र हाती असतं तर किती सोपं गेलं असतं!

आता कारण. 'फिट टू पेज'नं चित्र ३ टक्क्यांनी लहान झालं असतं तर पोझ १०० मिमीच्या आसपासच परत जुळली असती. तसं झालेलं नाही. भाच्याला विचारा, प्रोग्रॅममध्ये एका पोझची पट्टी किती ठिपक्यांची आहे आणि फाइल किती डीपीआयची, म्हणजे एका इंचात किती ठिपके? माझा अंदाज १२ ठिपके आणि ६०० डीपीआय. सहा पोझचे ७२ ठिपके, भागिले ६००, गुणिले २५.४, म्हणजे ३.०४८ मिमी. तुमच्या जाळीत मात्र बरोबर ३ मिमी आहेत.

पाटी_पेन्सिल

सर, तंतोतंत! १२ ठिपके, ६०० डीपीआय. त्यानं ठिपक्यांत काम केलं आणि जाळी मिलिमीटरमध्ये निघाली. मुलांना १९० चा हिशोब फळ्यावर करून दाखवला. एकीनं लगेच विचारलं, मग ही जुनी शीट मुद्दाम ठेवली तर ओळीतून लाट जाताना दिसेल ना? खरंच दिसते. त्यामुळे जुनी शीटही प्रदर्शनात ठेवणार.

शाई_आणि_स्क्वीजी

सरांनी दुखणं बरोबर पकडलं. छपाईच्या बाजूचं मी सांगतो, स्क्रीन प्रिंटिंगचं काम करतो.

नवी जाळी भाच्याच्याच प्रोग्रॅममधून काढा: १२ ठिपके पांढरे, ६० काळे, ६०० डीपीआय. मिलिमीटरमध्ये पुन्हा आखू नका. ०.५ मिमी म्हणजे ११.८१ ठिपके. प्रिंटर अर्धामुर्धा ठिपका छापू शकत नाही, तो एक फट ११ ची करतो, दुसरी १२ ची.

चित्र आणि जाळी एकाच प्रिंटरवर काढा, आणि कागद ज्या दिशेनं आत जातो त्याच दिशेनं शीटही जाऊ द्या. लेझर प्रिंटरमध्ये शीट गरम रोलरखालून जाते आणि किंचित आक्रसते. कागद तेवढ्याच प्रमाणात आक्रसत नाही. म्हणून दोन्ही फाइलींत खाली २०० मिमीची एक रेघ टाका आणि छापून झाल्यावर मोजा. समजा कागदावर बरोबर २०० भरली आणि शीटवर १९९.४, तर ०.३ टक्के फरक. ऐकायला काहीच नाही, पण तुमच्या पहिल्या मुलीपासून सातवीपर्यंत, म्हणजे सुमारे २२८ मिमीत, तो ०.७ मिमी होतो आणि सातवी एक पोझ पुढे जाते. अशा वेळी शीटला हात लावू नका, चित्र ९९.७ टक्क्यांवर पुन्हा काढा. कागद स्वस्त आहे.

शीट घेताना पाकिटावर 'लेझर' लिहिलंय का बघा. इंकजेटची शीट लेझरमध्ये घातली तर तिचा थर वितळून रोलरला चिकटतो आणि मशीनच बिघडतं.

काळ्याबद्दल: टोनर (लेझर प्रिंटरची शाईची भुकटी) वाचवणारं 'टोनर सेव्ह' बंद, घनता सगळ्यात जास्त. रंगीत लेझर असेल तर फक्त काळ्या टोनरवर छापायला सांगा. चार रंग मिसळून काळा केला की प्रत्येक रंग थोडा सरकतो आणि फटीच्या कडा खातो. तरीही समाधान झालं नाही तर लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडे विचारा, ते छपाईचा पडदा (स्क्रीन) बनवण्यासाठी लागणारी पॉझिटिव्ह फिल्म, म्हणजे काळ्या छपाईची पारदर्शक फिल्म, कुठून काढून आणतात. तिच्यावरचा काळा पक्का असतो.

निवृत्त_फिजिक्स

एक भर घालतो. काळा कितीही गडद केलात तरी सहा पोझच्या जाळीतून चित्राचा सहावाच भाग दिसतो, म्हणून ते मंद वाटणारच. चार पोझ घेतल्यात तर १२ ठिपके फट, ३६ काळे, आणि चौथा भाग दिसेल. बराच उजळपणा येतो. मात्र लेझमासारख्या जलद हालचालीत चार पोझनी झटके जाणवतात. मी तुमच्या जागी असतो तर सहाच ठेवल्या असत्या आणि चित्र पातळ कागदावर काढून खिडकीच्या काचेला चिकटवलं असतं. मागून उजेड आला की काळ्या-पांढऱ्यातला फरक उठून दिसतो. सहाव्या पोझनंतर पहिली सहज यायला हवी, नाहीतर प्रत्येक फेरीला मुलगी दचकल्यासारखी दिसेल.

मुलांना हेही सांगा की ही युक्ती सिनेमाच्या जन्माच्या काळातली आहे. अशा चित्रांचं, सोबत रेघांची पारदर्शक शीट दिलेलं पुस्तक लंडनमध्ये १८९८ साली निघालं होतं आणि त्याचं मुखपृष्ठ फ्रेंच चित्रकार तुलूझ-लोत्रेकनं काढलं होतं. दोन पोझच्या मधली हालचाल डोळ्यांसमोर नसताना ती मेंदू कशी भरून काढतो, यावर मानसशास्त्रज्ञ मॅक्स वर्थायमरनं १९१२ मध्ये मोठं काम प्रसिद्ध केलं.

पाटी_पेन्सिल

नवी जाळी काढली. तुम्ही सांगितलेली रेघ मोजली: कागदावर २००, शीटवर १९९.५. चित्र ९९.७५ टक्क्यांवर काढलं आणि सातही जणी एकदम वाकल्या! वर्गात एवढा गलका झाला की शेजारच्या वर्गातले सर बघायला आले. सर आणि दादा, दोघांचे मनापासून आभार.

आता एकच राहिलंय. लहान मुलांनी सरकवलं की शीट तिरकी होते आणि चित्र फुटतं. लेझमाच्या साखळ्याही दिसत नाहीत. शीट मध्येच कागदाला चिकटते ते वेगळंच.

शाई_आणि_स्क्वीजी

साखळ्या काढून टाका. ०.५ मिमीच्या फटीत बारीक रेघ तुटतेच. लाकडी दांडा जाड करा, हातपाय जाड करा. सावली जितकी ठसठशीत तितकी हालचाल स्पष्ट.

तिरकेपणावर हातानं काबू ठेवणं कठीण आहे. १५० मिमी उंचीच्या चित्रात शीट ०.२ अंशानं जरी वळली तरी वरचं टोक अर्ध्या मिमीनं, म्हणजे एका अख्ख्या पोझनं सरकतं. म्हणून चित्राच्या वर आणि खाली पुठ्ठ्याच्या दोन सरळ पट्ट्या चिकटवा आणि शीट त्यांच्यात अगदी बेतानं बसेल एवढीच जागा ठेवा. शीटची वरची-खालची कड कात्रीनं कापू नका, कटर आणि स्टीलच्या पट्टीनं कापा. तीच कड रुळावर चालणार आहे.

टोनरची बाजू खाली, कागदाकडे ठेवा. जाळी आणि चित्रात अंतर राहिलं की बाजूनं बघणाऱ्याला शेजारची पोझ दिसते. सरळ पट्ट्या असल्यानं उलटी केली तरी काही बिघडत नाही. चिकटण्यावर उपाय म्हणजे सरकवण्याआधी शीट किंचित ओलसर सुती फडक्यानं पुसून वाळू द्यायची, पण टोनर नसलेल्या बाजूनंच. टोनरची बाजू घासली तर काळ्यात पांढऱ्या रेघा पडतील. प्रदर्शनाला जाताना जाळीच्या दोन जादा प्रती सोबत ठेवा, त्याच पाकिटातल्या शीटवर आणि त्याच दिवशी त्याच मशीनवर काढलेल्या.