खमका पुढारी की सर्वसहमतीची ग्रामसभा?

शिवारफेरी
राळेगणसिद्धी, हिवरे बाजार आणि गडचिरोलीतले मेंढा (लेखा) ही तीन नावे ग्रामविकासाच्या चर्चेत एका दमात घेतली जातात. प्रत्यक्षात या तीन गावांची नेतृत्वाची पद्धत एकमेकींहून फार वेगळी आहे. अण्णा हजारे १९७५ मध्ये सैन्यातून गावी परतले, तेव्हा राळेगणमध्ये दारूच्या भट्ट्या होत्या आणि शेती पावसाच्या भरवशावर होती. त्यांनी यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार पदरचे पैसे घालून केला, त्यातून गावाचा विश्वास मिळवला आणि त्याच विश्वासाच्या बळावर पुढे मद्यपींना खांबाला बांधून पट्ट्याने मारण्यापर्यंत मजल गेली. हिवरे बाजारात पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले. तिथे शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही आणि ऊस लावायचा नाही, असे निर्बंध आले. पण त्या निर्बंधांना आधार मिळाला तो पाण्याच्या ताळेबंदाचा. पाऊस किती पडला आणि विहिरींत पाणी किती आहे, हे ग्रामसभेपुढे मांडले जाते, माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढले जाते आणि उरलेल्या पाण्यावर कोणती पिके निघतील हे ठरते. मेंढ्यात तर बहुमतानेही निर्णय होत नाही, सर्वांची सहमती लागते.

माझे मत असे की, धाकाचे नेतृत्व फार तर घडी पुरती विस्कटलेल्या गावात आणि तेही सुरुवातीपुरतेच समर्थनीय ठरते. पाणी, जंगल, चराई अशा वर्षानुवर्षे वाटून घ्यायच्या गोष्टींत ते निरुपयोगी आहे. भरवस्तीतली भट्टी सगळ्यांना दिसते, पण आडरानात रात्रीतून मारलेली बोअर पकडायला एकटा माणूस कुठेकुठे पुरणार? तो नियम गावाला मनापासून पटलेलाच असावा लागतो.

पारनेरकर
आपण पट्ट्याच्या फटक्यांवर बोट ठेवले, पण त्या काळी दारूड्या नवऱ्याचा मार रोज खाणाऱ्या बाईने सर्वसहमतीची वाट किती वर्षे पाहायची होती, हे सांगितले नाही. भट्टी बंद करण्यासाठी भट्टीवाल्याचीही सहमती हवी असेल, तर गावाचा निर्णय त्याच्याच हाती दिल्यासारखे होते. शिवाय अण्णांचा अधिकार केवळ धाकातून आलेला नव्हता. मंदिराच्या खोलीत राहणारा, लग्न न केलेला, जमीनजुमला न वाढवणारा माणूस नसबंदी, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी मागतो, तेव्हा त्याचा यात स्वार्थ नाही हे लोकांना उघड दिसते. अशा माणसाचा शब्द कठोर असला तरी लोक तो मानतात, आणि खचलेल्या गावाला नेमके तेच हवे असते.

वैनगंगा
पारनेरकरांचा प्रश्न रास्त आहे, उत्तर मात्र मला मान्य नाही. खांबाला बांधला जातो तो बहुधा मजूर. ज्याच्या वाड्यावर बाटली पोचती होते, त्याला बांधायला कोणत्याही गावात कोण धजावते?

मेंढ्याबद्दल एक गैरसमज दूर केला पाहिजे. सर्वसहमती असल्यामुळे तिथे नेतृत्व नाही, असे मुळीच नाही. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी तिथे फार मोठे काम केले, पण ते गावाच्या वतीने ठरवण्याचे नव्हते. गावाच्या अभ्यासगटात कायदे, वनखात्याचे नियम आणि गावाचे जुने हक्क यांवर सविस्तर बोलणे होते. निर्णय तिथे होत नाही, तो ग्रामसभेतच होतो. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाल्यानंतरही बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी गावाला वनखात्याशी झगडावे लागले आणि २०११ मध्ये परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. वजनदार पुढाऱ्याने हेच काम मंत्रालयात एका खेपेत करून आणले असते, असे म्हणता येईल; परंतु मग पुढच्या अडचणीच्या वेळीही गावाला त्याच्याच दारात उभे राहावे लागले असते.

माजी ग्रामसेवक
दोन्ही बाजू आपापल्या गावाचा दाखला सगळ्या महाराष्ट्राला लावत आहेत. मेंढा हे सुमारे शंभर घरांचे गोंड गाव आहे आणि जंगल सगळ्यांचे सामाईक आहे. चार हजार वस्तीच्या, तीन भावक्यांत विभागलेल्या बागायती गावात एकाच्या विहिरीवर तीन मोटारी असतात आणि दुसऱ्याकडे गुंठाभरही रान नसते. तिथे सहमतीच्या नावाखाली मोटारवाल्याचेच म्हणणे मंजूर होते, कारण त्याच्या बांधावर कामाला जाणारा माणूस सभेत त्याच्याविरुद्ध तोंड उघडत नाही. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे लागणारी किमान हजेरी, १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. तेवढेही लोक न जमल्याने सभा तहकूब होताना मी नोकरीत सतत पाहिले आहे.

थेट जनतेतून सरपंच निवडण्याची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये परत आली. सरपंच एका गटाचा आणि सदस्यांचे बहुमत दुसऱ्या गटाचे असेल, तर खमकेपणाचा काडीचाही उपयोग होत नाही. तिथे दोन्ही गटांना एका सतरंजीवर बसवून पाणीपट्टीची वसुली मार्गी लावणारा, आवाज न चढवणारा सरपंच लागतो. अशा सरपंचांवर कोणी लेख लिहीत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

शिवारफेरी
गावाचा आकार आणि जमिनीची विषमता हा मुद्दा माझ्या मांडणीत नव्हता, तो मी स्वीकारतो. पण त्यातून मला हिवरे बाजारची बाजू अधिक बळकट झालेली दिसते. भूमिहीन माणूस मोटारवाल्याच्या तोंडावर विरोध करू शकत नसेल, तरी विहिरींच्या पाण्याची पातळी सर्वांसमोर वाचली गेली की त्याला वेगळे भांडावे लागत नाही. पिण्याचे पाणी आधी, हा क्रम एकदा इतिवृत्तात नोंदला गेला की सरपंच बदलला तरी तो मोडणाऱ्याला सभेत कारण द्यावे लागते.

पारनेरकर
कारण द्यावे लागते ते सभा भरली तर. माजी ग्रामसेवकांनी सांगितलेल्या गावात ती भरतच नाही. १९८९ मध्ये पोपटराव नसते, तर विहिरींची पातळी मोजायला सुरुवात कोणी केली असती, याचे उत्तर आपण अजून दिलेले नाही.