टक्केवारी वाचताना एक गोष्ट सुटतेय

वर कोणीतरी लिहिलंय की टेक्सासमधले हिस्पॅनिक (म्हणजे मूळ स्पॅनिश भाषिक देशांतलं असलेले) कामगार म्हणजे सगळे काल-परवा बॉर्डर ओलांडून आलेले, ते अजिबात पटलं नाही. टेक्सास 1836 पर्यंत मेक्सिकोचाच भाग होता, कित्येक घराणी तेव्हापासून तिथेच आहेत, आणि 2022 च्या जनगणना अंदाजात तर राज्यात हिस्पॅनिक 40.2 टक्के आणि नॉन-हिस्पॅनिक गोरे 39.8 टक्के.

दुसरं म्हणजे ह्या 2022 च्या सरकारी आकड्यांत हिस्पॅनिक ही वंशाची कॅटेगरी नव्हती, माणूस गोरा, काळा कुठलाही असून हिस्पॅनिक असू शकतो, त्यामुळे सगळ्या टक्क्यांची बेरीज केली तर शंभरच्या वर जाते आणि मग लोक म्हणतात आकडे खोटे.

अख्ख्या अमेरिकेच्या लेबर फोर्समधे हिस्पॅनिक लोकांचा वाटा 2023 साली साधारण 19 टक्के होता, पण बांधकामात जवळपास तिघांत एक! वय सरासरीने कमी, म्हणून काम करणाऱ्यांचं प्रमाणही जास्त.

आम्ही ह्यूस्टनला असताना गारपिटीनंतर घराचं छप्पर बदललं, ऑगस्ट महिना, सकाळी साडेसहालाच सहा हिस्पॅनिक कामगार वर, दुपारी शिंगल्स (छपरावर ठोकतात ते डांबरी तुकडे) इतके तापलेले की ते फोमच्या उशीवर बसून खिळे ठोकत होते. बायकोने लिंबू सरबत दिलं तर त्यातल्या म्हाताऱ्या काकांनी आधी पोरांना दिलं मग स्वतः घेतलं. ह्या लोकांना नुसतं "स्वस्त लेबर" म्हणू नका हो, मनापासून वाईट वाटतं.