विडाल निगेटिव्ह आणि कल्चर पॉझिटिव्ह, नेमकं काय धरायचं?

तासगावकर: पेशंटच्या तापाचा पाचवा दिवस. टायफॉइडची विडाल टेस्ट निगेटिव्ह, पण मिरजेहून आलेल्या ब्लड कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी) साल्मोनेला टायफी, म्हणजे टायफॉइडचाच जंतू. पांढऱ्या पेशी ३,८००. जंतूचा ताप असेल तर पेशी वाढायला हव्यात ना? कुठला रिपोर्ट चुकलाय?

पेट्री_मिरज: एकही नाही. विडाल जंतू शोधत नाही, अँटीबॉडी (जंतूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं) शोधते, आणि त्या पहिला आठवडा सरता सरता दिसू लागतात. कल्चर मात्र पहिल्याच आठवड्यात जास्त सापडतं. त्यासाठी मोठ्या माणसाचं ८–१० मिलि रक्त हवं, तेही अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी. टायफॉइडमध्ये मिलिलिटरमागे बहुधा एखादाच जंतू असतो, म्हणून दोन मिलिवर भागवलं की हुकतो.

आता पेशी. हा जंतू लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात, पेयर्स पॅचवरच्या (आतड्याच्या भिंतीतले संरक्षक पेशींचे पुंजके) एम पेशींतून आत घुसतो. खाली मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणारी संरक्षक पेशी, त्याला गिळते, पण तो पचत नाही. ज्या पिशवीत अडकला तिथूनच सुईसारख्या नळीने स्वतःची प्रथिनं पेशीत टोचतो आणि लायसोसोमचा (पेशीतल्या पाचक पिशव्यांचा) मारा चुकवतो. मग तीच मॅक्रोफेज त्याची एसटी: यकृत, प्लीहा, अस्थिमज्जा. जंतूवर व्हीआय कॅप्सूल या आवरणाचं पांघरूण असल्यामुळे न्यूट्रोफिलना (जंतूंवर धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशींना) हाक कमी जाते. टायफॉइडमध्ये पेशी कमी किंवा नॉर्मल दिसणं नेहमीचंच.

विटा_लेअर: अंड्या-चिकनमधून होतो तोही हाच का?

पेट्री_मिरज: भाऊबंद, पण चाल उलटी. टायफिम्युरियम, एंटरायटिडिस या साल्मोनेलाच्याच प्रकारांना ते पांघरूण नाही. ६ ते ७२ तासांत जुलाब, आतड्यात न्यूट्रोफिलची झुंबड. गंमत म्हणजे त्या जळजळीत तयार होणारं टेट्राथायोनेट (गंधकाचं एक संयुग) वापरून हा जंतू श्वसन करतो आणि आतड्यातल्या इतर जंतूंवर कुरघोडी करतो. धडधाकट माणसाला ओआरएस पुरतं. तान्ही बाळं, म्हातारी माणसं, प्रतिकारशक्ती कमी असलेले यांचा विचार वेगळा.

तासगावकर: मग विडाल पुन्हा पाठवू?

वॉर्ड_सांगली: कशाला? कल्चर आलंय, सेन्सिटिव्हिटी (कुठलं अँटिबायोटिक लागू पडतं ते) बघा. सिप्रोवर (सिप्रोफ्लॉक्सासिन) विसंबू नका, आपल्याकडे त्याला जंतूंचा रेझिस्टन्स फार. सेफ्ट्रायॅक्सोन हे अँटिबायोटिक लागू पडत असलं तरी ताप उतरायला ४–६ दिवस जातात, दुसऱ्याच दिवशी औषध बदलू नका. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पोट अचानक दुखून फळीसारखं कडक झालं, तर त्याच पेयर्स पॅचच्या जागी आतडं फुटलं असू शकतं. लगेच सर्जनला दाखवा. पित्ताशयात खडे असतील तर कोर्सनंतरही शौचाचं कल्चर करा, जंतू खड्यांवर थर करून बसतो.