अनुभव धागा : चीनमधलं तुमचं पहिलं शहर, एकट्यानं किंवा एकटीनं

ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतातून चीनला थेट विमानं पुन्हा सुरू झाली. तेव्हापासून ओळखीतली बरीच मुलंमुली विचारतायत, ‘एकटी कशी गेलीस? काय काय झालं?’ म्हणून इथेच लिहिते आणि तुम्हालाही लिहायची विनंती करते. चीनबद्दलची मतं नकोत, ती भरपूर वाचायला मिळतात. पहिल्या शहरातले पहिले दोन-तीन दिवस सांगा. काय दिसलं, कुठे अडलं, कोणी सोडवलं.

सुरुवात मी करते. वय २४, नाशिक. शहर शांघाय, बँकॉकमार्गे.

विमानतळावरून मेट्रो पकडली. प्रत्येक स्थानकावर बॅग यंत्रातून जाते, त्याची सवय दुसऱ्या दिवशीच होते. रोमिंग घेतलं नव्हतं, ही माझी मोठी चूक. वायफाय मिळालं तरी गूगलचा नकाशा उघडेना, व्हॉट्सअॅप उघडेना, तिथल्या इंटरनेटवर ती बंद असतात. रेनमिन ग्वांगछांग स्थानकाला बाहेर पडायची इतकी दारं आहेत की चुकीच्या दारातून वर आलं तर माणूस भलत्याच रस्त्यावर निघतो. मी तशीच निघाले. रात्रीचे साडेदहा. हॉस्टेलचा पत्ता चिनीत छापून नेला होता, तो कागद कॉलेजातल्या वाटणाऱ्या एका मुलीपुढे धरला. तिने तिच्या फोनमध्ये काहीतरी लिहिलं आणि माझ्यापुढे केलं : ‘मी तुझ्याबरोबर येते.’ पंधरा मिनिटं चालून हॉस्टेलच्या दारात सोडलं. नाव विचारायचं राहून गेलं. आजही त्याची रुखरुख आहे.

सकाळी कोणीतरी मोठ्यांदा ‘आयी!’ अशी हाक मारली आणि मी वळून पाहिलं. नाशिकहून निघाल्याला दोन दिवसही झाले नव्हते, पण पोटात कालवलं. हॉस्टेलची साफसफाई करणाऱ्या पन्नाशीतल्या बाईंना सगळे तशीच हाक मारत. अर्थ मावशी. या आयींनी मी नळाजवळ बाटली घेऊन उभी आहे हे पाहिलं, हात धरून गरम पाण्याच्या मशीनपाशी नेलं आणि कढत पाणी भरून दिलं. तिथे सगळे गरमच पाणी पितात. आगगाडीतही डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा नळ असतो.

संध्याकाळी वायतानला गेले. नदीच्या या काठावर शंभर वर्षांपूर्वीच्या बँकांच्या दगडी इमारती, पलीकडे पूतोंगचे मनोरे, त्यातला शांघाय टॉवर ६३२ मीटर. १९९० च्या आधी पलीकडे बहुतेक गोदामं आणि शेतं होती. पण मला जास्त जाणवली ती रस्त्यावरची शांतता. एवढी गर्दी, आणि स्कूटर सगळ्या विजेवरच्या, आवाज नाहीच. मागून येणारी गाडी कानाला कळत नाही. आपल्याकडे रस्ता आपण कानाने ओलांडतो, हे मला तिथे समजलं.

आता तुम्ही लिहा.

मालवण, वय २७. छोंगछिंग, मग छंगतू.

छोंगछिंगमध्ये मी पहिल्या दिवशी फक्त चढ-उतार केले. यांग्त्से आणि च्यालिंग या दोन नद्यांच्या संगमावर, डोंगरावर वसलेलं शहर. एका चौकातून सरळ आत शिरलो, पलीकडच्या कठड्यावरून खाली पाहिलं तर मी विसेक मजले वर उभा. फोनमधला निळा ठिपका अगदी बरोबर जागेवर असतो, पण आपण कितव्या थरावर आहोत ते त्याला कळत नाही. लीत्सपा स्थानकात मोनोरेल १९ मजली इमारतीच्या पोटातून जाते, स्थानक सहाव्या ते आठव्या मजल्यावर. खाली रस्त्यावर माणसं तोंड उघडून ‘गाडी गिळतानाचे’ फोटो काढतात. इमारत आणि मार्ग एकत्रच बांधलेत, नंतर भोक पाडलेलं नाही.

पण लिहायचं होतं ते हॉटपॉटबद्दल. लालभडक रश्श्यात मांस, भाज्या बुडवून खातात. पहिला घास घेतला, जीभ झिणझिणली, ओठ बधिर झाले, आणि मी चमचा खाली ठेवला. ही चव मला माहीत होती. आमच्याकडे बांगड्याच्या तिखल्यात आई तिरफळं घालते ना, तीच! तिथे तिला हुआजियाओ म्हणतात. परत आल्यावर शोधलं, तिरफळ आणि हुआजियाओ एकाच कुळातली आहेत. शेजारच्या टेबलावरच्या काकांना फोनवर भाषांतर करून सांगितलं की हे आमच्या घरीही असतं, माशात घालतात. त्यांनी ते घरच्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं आणि माझ्या पातेल्यात स्वतःच्या थाळीतल्या कमळाच्या काकड्या टाकल्या. परदेशात एकट्याने जेवायला बसणं जड जातं, त्या रात्री गेलं नाही.

छंगतूचे पांडा पाहिले, छान आहेत. सकाळी उघडतानाच जा, ऊन चढलं की झोपतात.

पुणे, वय २२. बीजिंग.

निषिद्ध नगरीत, म्हणजे सम्राटांच्या जुन्या राजवाड्यात, जायला आधी पासपोर्ट क्रमांक देऊन नोंदणी करावी लागते आणि सोमवारी ती बंद असते. मी नोंदणी न करता मंगळवारी गेले, दारावरून परत. रडू येत होतं. मग उत्तरेकडच्या चिंगशान टेकडीवर चढले. वरून पिवळ्या कौलांचा अख्खा पसारा दिसतो, १४२० मध्ये बांधून झालेला. खाली बागेत साठीच्या पुढची पन्नासेक माणसं कोरसमध्ये गात होती, हातात गाण्यांचे छापील कागद. तासभर ऐकत बसले.

शाकाहारी असाल तर ‘वो छ्र सू’ (मी शाकाहारी खाते) एवढं पाठ करा. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर भाजी येते, पण चरबीत परतलेली असू शकते. मोठ्या बौद्ध मंदिरांच्या आसपास शुद्ध शाकाहारी खाणावळी सापडतात.

छत्रपती संभाजीनगर, वय २५, इतिहासाची विद्यार्थिनी. शीआन.

मी शीआन निवडलं ते एका माणसासाठी. शाळेत आपण शिकतो, सातव्या शतकात चिनी भिक्खू युआन श्वांग महाराष्ट्रात आला, त्याने पुलकेशीचं राज्य पाहिलं आणि लिहिलं की इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत. तो ६४५ मध्ये भारतातून पोथ्या घेऊन परतला तो याच शहरात, तेव्हाच्या छांगआनमध्ये. त्या पोथ्या ठेवण्यासाठी ६५२ मध्ये उभारलेला पॅगोडा अजून उभा आहे. समोर त्याचा पुतळा आहे, हातात दंड.

मी अजिंठ्यापासून शंभर किलोमीटरवर वाढले. त्याने ज्या डोंगरातल्या विहाराचं वर्णन केलं ते अजिंठाच असावं, असं अभ्यासक मानतात. पुतळ्याजवळ माझं मन भरून आलं. तो चालत, घोड्यावर, वाळवंटातून सोळा-सतरा वर्षं फिरला होता. मी दोन विमानं बदलून आले होते. शाळेच्या सहलीतल्या एका शिक्षिकेने विचारलं, ‘इंदू?’, म्हणजे भारत का? मी मान हलवली. तिने मुलांना काहीतरी सांगितलं आणि दहा-बारा वर्षांची तीस मुलं माझ्याकडे बघून हात हलवू लागली. तिने काय सांगितलं असेल, याचा मी अजून विचार करते.

पहिल्या चिनी सम्राटाच्या कबरीजवळ पुरलेले मातीचे सैनिक पाहिलेच, १९७४ मध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना सापडले ते. शहराची तटबंदीही, साधारण चौदा किलोमीटर, वर सायकल भाड्याने मिळते. शिवाय मुस्लिम वस्तीतलं पाओमो खा. तुमच्यापुढे कोरडी जाड रोटी आणि रिकामा वाडगा ठेवतात. रोटी तुम्ही स्वतः बारीक कुस्करायची, मग त्यावर मटणाचा रस्सा ओतून देतात. माझे तुकडे पाहून मालकाने मान डोलावली. भाकरी कुस्करायची सवय कामी आली.

कल्याण, वय २९. क्वांगचौ.

माझी पहिली रात्र वाईट गेली. आरक्षण असूनही एका छोट्या हॉटेलने परदेशी पासपोर्ट घ्यायला नकार दिला. पाहुण्याची पोलिसांकडे नोंद करावी लागते, ती त्यांना जमत नव्हती की नको होती, कळलं नाही. रात्री बारा वाजता रस्त्यावर. जवळच्या पोलीस चौकीत गेलो. तिथल्या तरुण शिपायाने तीन ठिकाणी फोन लावून खोली मिळवून दिली. आरक्षण करताना ‘परदेशी पाहुणे घेता का’ असं लिहून विचारा. अलीपे आणि वीचॅट या पैसे द्यायच्या दोन्ही अ‍ॅपांत आपलं कार्ड घरूनच जोडून जा, बँकेचा ओटीपी भारतीय नंबरवर येतो. आणि भारतीय सिमचं रोमिंग घ्या, त्यावर गूगल, व्हॉट्सअॅप चालतं.

सोलापूर, वय २६. श्र्च्याच्वांग.

या शहरात पर्यटक म्हणून कोणी जात नाही. मी बीजिंगहून वेगवान गाडीने दीड तासात गेलो, कारण डॉ. द्वारकानाथ कोटणीस तिथे आहेत. आम्ही सोलापूरकर त्यांचं नाव ऐकतच मोठे होतो. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, २८ व्या वर्षी, आणि ९ डिसेंबर १९४२ ला चीनमध्येच वारले. तिथे त्यांना ख ती-ह्वा म्हणतात.

हुतात्म्यांच्या उद्यानात त्यांची समाधी आणि पुतळा आहे, कॅनडाचे डॉ. बेथ्यून यांचीही समाधी त्याच उद्यानात. मी सोलापूरहून एका डबीत थोडी माती नेली होती. ती ठेवू देतील का, माहीत नव्हतं. राखणदार आजोबांना फोनवर लिहून दाखवलं : ‘मी त्यांच्या गावचा आहे.’ त्यांनी ते दोनदा वाचलं. मग टोपी काढली आणि स्वतः बाजूला झाले.

डॉ. कोटणीसांच्या मुलाचं नाव यिनह्वा होतं, यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. तोही तरुण वयातच गेला. त्या आजोबांना हे सगळं माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. बाहेर पडताना त्यांनी मला एक संत्रं दिलं. ते गाडीत बसून खाल्लं.

धागा काढणारी :

सोलापूरकर, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. आभार.

दोन मुलींनी विचारलंय, रात्री एकटीनं फिरायला भीती वाटली का? शांघायमध्ये मला नाही वाटली. अकरापर्यंत दुकानं उघडी, रस्त्यावर लहान मुलं, म्हातारी माणसं. शेवटच्या संध्याकाळी हॉस्टेलजवळच्या चौकात तीस-चाळीस बायका स्पीकर लावून रांगेत नाचत होत्या. मी कडेला उभी होते. त्यांच्यातल्या एकीने हात धरून रांगेत घेतलं. पावलं चुकत होती, ती थांबून पुन्हा करून दाखवायची. मी तिला ‘आयी’ म्हटलं, ती खूप हसली. साडेनऊला स्पीकर बंद झाला, सगळ्यांनी आपापल्या गरम पाण्याच्या बाटल्या उचलल्या आणि घरी गेल्या.